उसनं मनगट

पट्टा नवऱ्याचा आणि मनगट बायकोचं, असा कारभार कुठल्या घरात चालतो? त्या घरात चालला, आणि चालवणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

नवरा क्रेनवाला. जमिनीवर इकडून तिकडे फिरणाऱ्या क्रेनचा नव्हे. बांधकामावर ती उंच उभी असते ना, शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि लोखंडाचे गठ्ठे खालच्या माणसांच्या डोक्यावरून फिरवायचे, त्या क्रेनचा. मागे एकदा दुसऱ्या क्रेनवरचा एक जण अंगात ताप असताना तसाच वर चढला आणि केबिनमध्ये भोवळ येऊन पडला. नशीब थोर, तेव्हा आकड्याला काही लटकत नव्हतं. तेव्हापासून कंपनीने सगळ्या क्रेनवाल्यांच्या हाताला एकेक काळा रबरी पट्टा बांधला. झोपेत माणूस निवांत असतो तेव्हा त्याची नाडी मिनिटाला किती पडते, ते हा पट्टा मोजायचा, आणि सकाळी आकडा नवऱ्याच्या फोनवर तसाच साइटवरच्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर जायचा. प्रत्येकाचा नेहमीचा आकडा साहेबांना माहीत. तो काही दिवस लागोपाठ बराच वर राहिला की साहेबांचा फोन यायचा, आणि डॉक्टर 'ठीक आहे' म्हणेपर्यंत केबिन बंद.

या नियमाचं नवऱ्याला भारी कौतुक. घरी कोणी आलं रे आलं की मनगट पुढे करून व्याख्यान सुरू. "आजार अंगात शिरला ना, की आधी नाडीला कळतं, माणसाला मागाहून. ताप असो, छातीचं असो, आतलं कुठलंही दुखणं असो, झोपेतली नाडी वाढते म्हणजे वाढतेच. तिला खोटं बोलता येत नाही." पाहुणे माना डोलवायचे, बायको चहा आणून ठेवायची. तिने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की तो मध्येच थांबला असता तर पुढचं तिने म्हणून दाखवलं असतं.

पट्टा नवा होता तेव्हा गंमत म्हणून एका रात्री तिनेही तो घालून पाहिला. सकाळी आकडा आला अठ्ठावन्न. नवऱ्याचा नेहमीचा चौसष्ट. "उगाच नाही तुला सगळे गोगलगाय म्हणत," तो हसत म्हणाला. "घर पेटलं तरी तू आधी चपला शोधशील." तीही हसली. साहेबांकडून कोणी काही विचारलं नाही, आणि ती गोष्ट तिथेच संपली. म्हणजे, तिला वाटलं संपली. नवऱ्याने ती डोक्यात जपून ठेवली होती.

एकदा त्याला जोराचा खोकला झाला तेव्हा आकडा वाढला, आणि साहेबांनी त्याला खाली उतरवलं. ते दिवस तिला अजून आठवायचे. वर बसून सगळ्यांना हलवणारा माणूस खाली दोऱ्या बांधत होता, आणि पोरंसोरं विचारत होती, "काय कॅप्टन, आज पाय जमिनीवर?" घरी आला की जेवताना मान वर करायचा नाही. त्याला तसं बघून तिचाच जीव तुटायचा. ते तोंड पुन्हा बघावं लागू नये म्हणून तिने काहीही केलं असतं. तिथेच तर चुकलं.

कारण आता साइटवर नवी क्रेन आली होती, सगळ्यांत उंच. ती कोणाला द्यायची ते साहेब ठरवणार होते. दोघांची नावं पुढे होती, त्यातलं एक नवऱ्याचं. आणि नेमका त्याच आठवड्यात त्याचा घसा बसला, अंगात कणकण आली.

"हा पट्टा आजपासून रात्री तू घाल," तो म्हणाला.

"आणि वर चक्कर आली तर? खाली माणसं असतात, अरे."

"ताप कुठे आहे? गोळी घेतली की मी ठणठणीत. दिवसभर पट्टा माझ्याच हाताला असणार, फक्त झोपताना तुझ्या. तुझ्या मनगटाचं काय जातंय? तू झोपलीस की दगड."

तिच्या मनाला पटलं नव्हतं. पण त्याने आपल्या हाताने पट्टा तिच्या मनगटाला बांधला, एक भोक आत घेऊन, आणि म्हणाला, "तू आहेस म्हणून निभावतंय." असं कोणी म्हटल्यावर काय बोलणार? ती पट्टा घालूनच झोपली.

सकाळी आकडा आला शहाऐंशी.

"हे काय?" नवरा फोन तिच्यापुढे नाचवत म्हणाला. "रात्रभर कूस बदलत होतीस का?"

"नाही रे. झोपले होते."

"मग हे कुठून आलं? दिवसभर त्या वाफेत उभी असतेस, तिचा परिणाम असेल."

तेही खरं वाटण्यासारखं होतं. ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला होती. डागांचं टेबल तिचं. कोटावर शाई, गळपट्टीवर तेल, बाहीवर लिपस्टिक, जे काही असेल ते ब्रशने आणि वाफेच्या नळीने काढायचं. गेले काही दिवस तिला तिथे फार उकडायचं. इतर बायका स्वेटर घालून बसायच्या आणि ही खिडकी उघडायला धावायची. ब्रश धरला की बोटं बारीक थरथरायची. अंगठी इतकी सैल झाली होती की एकदा साबणाच्या पाण्यात गेली, आणि सगळ्यांनी हात घालून शोधली. "कुठलं डाएट करतेस ते आम्हालाही सांग की," बायका म्हणाल्या. तिला आतून बरंच वाटलं होतं. वजन उतरलेलं कोणाला नको असतं?

एकट्या इस्त्रीच्या मावशी हसल्या नव्हत्या. त्या दुकानात सगळ्यांत जुन्या, तोंडाच्या फटकळ, आणि नजर अशी की इस्त्री फिरवता फिरवता अख्खं दुकान बघायच्या. "खातेस तर माझ्या दुप्पट," त्या म्हणाल्या होत्या, "आणि दिसतेस हँगरसारखी. जातं कुठे ते सगळं?"

त्या शहाऐंशीच्या संध्याकाळी घरी मात्र नवलच घडलं. नवऱ्याने भांडी घासली! लग्न झाल्यापासून या माणसाने पाण्याचा ग्लास उचलून ठेवला नव्हता. "तू बस. पाय वर घे. दमू नकोस," तो म्हणाला. टीव्हीचा आवाज बारीक केला. कोमट दूध करून दिलं, तेही उतू न घालवता. अंगावर पांघरूण ओढलं, आणि मग पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर बाजारातली जड पिशवी त्याने तिच्या हातातून ओढून घेतली. खोकत होता बिचारा स्वतः, पण पिशवी सोडेना.

तिला कसं भरून आलं! दुकानात गेल्या गेल्या तिने मावशींना सांगितलं, "मावशी, माझा नवरा बदलला हो. मला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालंय त्याला."

"ताप डोक्यात गेला असेल," मावशी म्हणाल्या, आणि पँटला घडी मारली.

आकडा काही उतरेना. सत्त्याऐंशी, पुन्हा शहाऐंशी, मग अठ्ठ्याऐंशी. रोज सकाळी नवरा फोन बघायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. "दूध प्यायलीस ना? मग?" असं विचारायचा, जणू तिने परीक्षेत मार्क कमी आणलेत. पट्टा स्वतःच्या हाताला बांधावा तर त्याच्या अंगात कणकण. तीसुद्धा वेडी, डोळे मिटून हळूहळू श्वास घ्यायची, नाडीला मनातल्या मनात म्हणायची, बाई गं, हळू चाल, त्याची क्रेन जाईल. आपली नाडी इतकी का धावतेय, हे तिच्याही डोक्यात आलं नाही. दिवसरात्र त्या आकड्याकडे ती त्याचा आकडा म्हणूनच बघत होती.

मग सुट्टीच्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. नवऱ्याचा आवाज बसलेला. साइटवर केबिनमध्ये एकट्याचं खपून गेलं होतं, पण फोनवर बोलला असता तर आजार उघडा पडला असता. त्याने फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला आणि खुणेने सांगितलं, तू बोल.

"वहिनी, ते आहेत का?"

"आंघोळीला गेलेत," ती म्हणाली. नवऱ्याने मान डोलावली, शाब्बास.

"मग तुम्हालाच सांगतो. घाबरू नका, पण जरा लक्ष द्या. त्यांची नाडी फार वाढलीय. साध्या सर्दीतापाने एवढी वाढत नाही, आणि वाढली तरी खालीवर होते. ही रोज वरच. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं, गळ्यातल्या ग्रंथीचं निघालं. त्यांना घाम येतो का हो? हात थरथरतात? वजन उतरलंय?"

तिच्या हातातला टेबल पुसायचा कपडा तसाच राहिला. घाम. हात. वजन. तो परका माणूस, ज्याला तिने एकदाही पाहिलं नव्हतं, एकेक करून तिचं सांगत होता.

"वहिनी? आहात ना?"

"हो," ती म्हणाली. "येतो. थरथरतात. उतरलंय."

"बघा! मग अंगावर काढू नका. नीट डॉक्टरांकडे न्या. वेळेवर कळलं तर गोळ्यांनी आटोक्यात येतं, दुर्लक्ष केलं तर हृदयावर जातं. क्रेनचं नंतर बघू. माणूस आधी. उद्यापासून त्यांना केबिन नाही, आणि आमच्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवतो."

फोन बंद झाला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. शब्द न शब्द त्यानेही ऐकला होता. समोरच तर उभा होता! आता तो आपला हात धरेल, ती थरथरणारी बोटं बघेल, खुर्ची पुढे ओढेल, काहीतरी करेल, असं तिला वाटलं.

"बघितलंस काय केलंस?" नवरा म्हणाला. आवाज बसलेला, तरी जेवढा चढवता येईल तेवढा चढवून. "केबिन गेली! एक काम सांगितलं होतं तुला, एक. झोपायचं. तेही धड जमलं नाही? आणि वर त्यांना सांगतेस, हो थरथरतात, हो उतरलंय? कोणी शिकवलं तुला हे बोलायला? दगा दिलास तू मला."

तिने हातातल्या कपड्याने टेबल पुसायला घेतलं.

तो आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने तो धाकट्या भावाशी फोनवर कुजबुजताना तिला ऐकू आला. "तुझी नाडी किती असते रे? नाही, सहज. चार दिवस इकडे झोपायला येतोस का?" म्हणजे एक मनगट फुकट गेलं, आता दुसरं शोधायचं चाललं होतं. त्या संध्याकाळी भांडी तशीच पडली होती. दूध नाही, पांघरूण नाही. तेव्हा कुठे तिला लख्ख कळलं, की ते दूध तिला नव्हतं. ते पट्ट्याला होतं. ती भांडी घासायला उभी राहिली आणि तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा तिला आणखी राग आला. बदललाय म्हणे नवरा! अख्ख्या दुकानाला सांगत सुटली होती.

तरी तिने वाट पाहिली. वेडी आशा, दुसरं काय. आज रागात आहे, उद्या विचारेल. उद्या नाही तर परवा. एवढा नियम पाठ असलेला माणूस, आजार अंगात शिरला की आधी नाडीला कळतं म्हणणारा, त्याच्या डोक्यात उजेड पडणार नाही असं कसं होईल? अठ्ठावन्नची अठ्ठ्याऐंशी झाली, एवढा साधा हिशोब. ती त्याच्यासमोर मुद्दाम कप धरायची, बशी वाजेपर्यंत. तो म्हणायचा, "सांडशील." त्याचा ताप उतरला, घसा सुटला, आणि तो कंपनीच्या डॉक्टरांच्या तारखेची वाट बघत घरात येरझारा घालत राहिला. विचारलं मात्र नाही.

शेवटी मावशींनीच विचारलं. डागांच्या टेबलावर तिच्या हातातून बाटली निसटली आणि कोणाच्या तरी लग्नाच्या कोटावर सांडली, तेव्हा मावशींनी इस्त्री उभी केली, तिला स्टुलावर बसवलं आणि तिचं मनगट आपल्या दोन बोटांत धरलं.

"अगं ए गोगलगायी," मावशी हळूच म्हणाल्या, "कधीपासून धावायला लागलीस तू?"

तिचा बांध फुटला. पट्टा, दूध, फोन, सगळं बाहेर आलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी नवऱ्याला उद्देशून एक शिवी हासडली, ती इथे लिहिण्यासारखी नाही, आणि मालकाला सांगून तिला तशीच डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी गळा चाचपला, हात पुढे धरायला लावून बोटांवर कागद ठेवला, तो फडफडला. रक्त घेतलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, तेव्हाही मावशीच बरोबर होत्या. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी फार जोरात चालली होती, आणि तिच्यामागे बिचारं हृदय फरफटत होतं. गोळ्या दिल्या, कधी आणि कशा घ्यायच्या ते समजावलं.

"बरं झालं लवकर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "बऱ्याच बायका अंगावर काढतात. कोणाच्या लक्षात आलं आधी? मिस्टरांच्या?"

"मिस्टरांच्या साहेबांच्या," ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मावशी छताकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा उड्या मारतच घरी आला. हातात एक छोटा खोका. "सुटलो! डॉक्टर म्हणाले, तुम्हाला धाड भरलेली नाही. नाडी पासष्ट! साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पट्टाच खराब निघाला, हा घ्या नवीन. सोमवारपासून केबिन. आणि ऐक, मोठी क्रेन अजून कोणालाच दिलेली नाही."

ती टेबल पुसत होती. पर्स खुर्चीवर होती, आत गोळ्या. "पट्टा खराब नव्हता," ती म्हणाली.

"अगं, ते माहीत आहे मला. त्यांना थोडंच सांगणार?"

तिने पुसणं थांबवलं. "माहीत आहे तुला?"

"म्हणजे काय. तुझ्याच तर हातात होता."

"मग तो आकडा कोणाचा होता?"

"तुझा," तो म्हणाला, अगदी सहज. रस्त्यात कोणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसा.

म्हणजे त्याला कळलं नव्हतं असं नाही. इतके दिवस ती त्याच्या बाजूने मनात भांडत होती, भोळा आहे, क्रेनच्या नादात आहे, डोक्यात शिरलं नसेल. शिरलं होतं. पहिल्या सकाळपासून शिरलं होतं.

"साहेब म्हणाले होते, डॉक्टरांकडे न्या," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ज्याचा आकडा त्याला न्यायचं होतं ना? तू स्वतःला घेऊन गेलास."

"अगं, पण तू कुठे क्रेन चालवतेस?"

हे तो चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. ती भांडली असती, कपबशी फेकली असती. तो समजावून सांगत होता. खरोखर समजावत होता.

मग तिचा चेहरा बघून त्याला काहीतरी वाटलं असावं. "बरं बाई, चुकलं," तो म्हणाला आणि खोका फोडायला बसला. "जाऊ आपण. रविवारी नेतो तुला."

"मी जाऊन आले. मावशींबरोबर."

"हो? मग काय म्हणाले डॉक्टर?"

हाच तो प्रश्न. सुट्टीच्या त्या सकाळपासून भांडी घासताना, अंथरुणात, डागांच्या टेबलावर ती याची वाट बघत होती. तो विचारेल, आपण सांगू, रडू, तो जवळ घेईल, इथपर्यंत सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. आता प्रश्न आला, आणि विचारता विचारता तो नव्या पट्ट्यावरचं प्लास्टिक नखाने सोलत होता. एक कोपरा निघत नव्हता, तिकडे त्याचं सगळं लक्ष. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. याला आता आपलं दुखणं द्यायचंच नाही, असं तिला वाटलं.

"काही नाही," ती म्हणाली. "पट्टाच खराब होता म्हणाले."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" त्याने सुटकेचा श्वास सोडला. प्लास्टिक निघालं. त्याने पट्टा स्वतःच्या मनगटाला बांधला, एक भोक बाहेर घेऊन, आणि हात लांब धरून कौतुकाने बघत राहिला. जे खोटं आहे हे त्याला पाच मिनिटांपूर्वी पक्कं ठाऊक होतं, तेच आता त्याला खरं वाटलं होतं. सोय असली की माणूस काय वाटेल ते खरं मानतो.

सोमवारी तो केबिनमध्ये चढला. तिने गोळ्यांचं पाकीट पर्समधून दुकानात नेलं आणि इस्त्रीच्या टेबलाच्या खणात ठेवलं. मावशींनी कारण विचारलं नाही. खण पुढे ओढून त्यांनी पाकीट आपल्या चष्म्याच्या डबीशेजारी सरकवलं, म्हणजे विसरायला नको. तेव्हापासून रोज सकाळी, इस्त्री तापायला लावली की त्या तिथूनच ओरडून विचारतात, "घेतलीस का गं?"

"घेतली," ती म्हणते.